बुधवारचे चार तास: विद्यापीठ प्रशासनाला खुलं पत्र

माननीय कुलगुरू, अधिष्ठाता आणि विद्या परिषदेचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयातून निघालेलं परिपत्रक समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. त्यातल्या पहिल्या कलमानुसार बुधवारी दुपारी १ ते ५ हा संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ पुढच्या सत्रापासून रद्द होतो. त्या वेळात समित्यांच्या बैठका होतील आणि बुडालेले तास भरून काढले जातील. शिक्षकांनी आपलं संशोधन ‘सुट्टीच्या काळात व सोयीनुसार’ करावं. दुसरं कलम सांगतं, की प्रत्येक शिक्षकाने दर वर्षी किमान २ शोधनिबंध प्रसिद्ध केलेच पाहिजेत, वार्षिक मूल्यमापनात त्यांची मोजदाद होईल. दोन्ही कलमं एकाच पानावर आहेत आणि खाली सही एकच आहे.

मी आधी विभागप्रमुखांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निर्णय वरून आलाय म्हणाले. मग रीतसर अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. ही अडचण माझ्या एकटीची नाही. गणिताचे, इतिहासाचे, रसायनशास्त्राचे माझे सहकारी आपापलं काम अर्धवट टाकून उठणार आहेत, आणि त्यातले बरेच जण काही बोलणार नाहीत, कारण त्यांची नोकरी अजून पक्की नाही. माझी आहे. त्यामुळे बोलायची जबाबदारी माझ्यावर अधिक आहे, असं मी मानते.

माझं नेमकं काय अडलंय, ते आधी सांगते.

मी भाषाविज्ञान शिकवते. १६ वर्षांपूर्वी, पीएचडी करत असताना, मी ११ लहान मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मुलं तेव्हा दोन ते तीन वर्षांची होती. आईवडिलांची लेखी संमती घेतली होती. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, रेकॉर्डर चालू करून कोपऱ्यात ठेवायचा आणि अर्धा तास मुलाला खेळू द्यायचं, बोलू द्यायचं. असं वर्षभर चाललं. प्रत्येक मुलाची २४ रेकॉर्डिंग झाली. सगळं मिळून १३२ तासांचं बोलणं. प्रबंधासाठी त्यातली ४ मुलं पुरेशी होती. उरलेल्या ७ मुलांचे ८४ तास हार्ड डिस्कवर राहिले. नोकरी लागली की हळूहळू करू, असं तेव्हा ठरवलं होतं.

हे काम हळूहळूच होतं. रेकॉर्डिंग ऐकत ऐकत जसंच्या तसं लिहून काढायचं असतं. मूल ‘र’ म्हणालं की ‘ल’, कुठे अडखळलं, कुठे थांबलं, आईने काय विचारल्यावर बोललं, हे सगळं. मागे खेळणी आपटत असतात, कुणीतरी दार लावतं, मूल तोंड भिंतीकडे करून बोलतं. एकेक तुकडा दहा-दहा वेळा मागे घेऊन ऐकावा लागतो. एका मिनिटाच्या बोलण्याला मला साधारण १२ मिनिटं लागतात.

मग कधीतरी असं काही हाती लागतं. एक मुलगा सहाव्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ‘मी केलं’ म्हणतो. नवव्या रेकॉर्डिंगमध्ये तोच मुलगा ‘मी करलं’ म्हणायला लागतो. ऐकणाऱ्याला वाटावं, पोर मागे गेलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं. आधीचं ‘केलं’ त्याने नुसतं ऐकून उचललेलं होतं. आता त्याला ‘बसलं’, ‘पडलं’, ‘धरलं’ यांच्यातला नियम सापडलाय आणि तो त्याने ‘कर’ला लावून पाहिलाय. ‘करलं’ हे रूप त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याच्या घरात कुणी तसं बोलत नाही. ते त्याने स्वतः घडवलंय. पुढे काही आठवड्यांनी ‘केलं’ परत येतं, यावेळी नियमाचा अपवाद म्हणून. हे स्थित्यंतर दोन-तीन पंधरवड्यांत होऊन जातं. ते पकडायचं असेल तर एका मुलाची रेकॉर्डिंग ओळीने, फार खंड न पाडता ऐकावी लागतात. प्रत्येक मुलासाठी कान नव्याने तयार करावा लागतो. कान तयार व्हायला तीन-चार बैठका जातात आणि दोन महिने ऐकलं नाही की तो पुन्हा कोरा होतो.

म्हणून मला वेळ किती मिळतो याच्याइतकाच तो कसा मिळतो, हा प्रश्न आहे.

नोकरीच्या पहिल्या १० वर्षांत असा बांधलेला वेळ नव्हता. आपण आज सुचवताय तसंच मी केलं. सुट्ट्यांमध्ये काम केलं. १० वर्षांत माझी ५ रेकॉर्डिंग लिहून झाली. नंतर शेजारी ठेवून तपासली तेव्हा पाचही वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली निघाली. थांबण्याची खूण एकात एक, दुसऱ्यात दुसरी. अस्पष्ट शब्द कुठे गाळलेले, कुठे अंदाजाने भरलेले. पाचही पुन्हा करावी लागली. मग २ वर्षांपूर्वी बुधवारची दुपार मिळाली. ४ तासांत २० मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून होतं. वर्षाचे ३० आठवडे धरले तर १० तास. दोन वर्षांत माझी ४० रेकॉर्डिंग पुरी झाली, एका मुलाची सगळी २४ आणि एका मुलीची १६. त्यातल्या ‘करलं’वरचा निबंध मी सुट्टीत लिहिला, आणि तो तीन आठवड्यांत झाला, कारण सगळी सामग्री बुधवारांनी तयार करून ठेवली होती. राहिलेलं काम याच गतीने साधारण साडेसहा वर्षांत संपलं असतं. ती गती मला मान्य होती. परिपत्रकाने तीच काढून घेतली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘सुट्टीच्या काळात’ या शब्दांबद्दल आहे. सत्र संपलं की विद्यार्थ्यांना सुट्टी लागते. आमच्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, मग निकाल, मग प्रवेश, मग अभ्यासक्रमाच्या फेररचनेच्या बैठका. खरे मोकळे असे दोन-तीन आठवडे उरतात. त्यातला पहिला आठवडा आपण मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवण्यात जातो. अर्धवट राहिलेल्या लेखाची फाईल उघडल्यावर आपलीच टिपणं परक्यासारखी वाटतात, हा अनुभव लिहिणाऱ्या प्रत्येकाला असेल. हा संदर्भ का काढून ठेवला होता? हा तक्ता कशासाठी केला होता? उत्तरं सापडेपर्यंत सुट्टी संपते.

हे निव्वळ माझं रडगाणं नाही. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींवर प्रयोग केले. काहींना ठरलेल्या वेळी लिहायला बसवलं, मन असो वा नसो. काहींना मनात येईल तेव्हाच लिहायला सांगितलं. ठरलेल्या वेळी बसणाऱ्यांची पानं तर जास्त झालीच, शिवाय नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. थोडं पण नेमाने लिहिणारे प्राध्यापक मोठ्या मोकळ्या काळाची वाट पाहणाऱ्यांपेक्षा पुढे जातात, हे त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा मांडलं. मोठा मोकळा काळ मिळाला तर कुणाला नको आहे? पण तो आला की त्याचा उपयोग नेमाने काम करणाऱ्यालाच होतो. माझा सुट्टीतला निबंध याचा पुरावा आहे.

दुसरी तक्रार ‘सोयीनुसार’ या शब्दाबद्दल. वेळापत्रकात दोन तासांच्या मध्ये पाऊण तास मोकळा दिसतो आणि कागदावर तो संशोधनाचा वेळ धरता येतो. पण त्या पाऊण तासात काय होतं, ते स्टाफरूममध्ये बसून कुणीतरी एकदा बघावं. तास संपवून आल्यावर दोन विद्यार्थी दाराशी उभे असतात. त्यांचं ऐकायलाच हवं, ते आमचं काम आहे. तेवढ्यात ग्रुपवर निरोप येतो, की गेल्या वर्षीची उपस्थितीची आकडेवारी नव्या नमुन्यात आज तीनपर्यंत भरून द्या. हीच आकडेवारी आधी पोर्टलवर भरलेली असते, त्याआधी एक्सेलमध्ये, त्याआधी कागदावर. ती भरून होईपर्यंत पुढच्या तासाची घंटा होते. हेडफोन टेबलावर तसाच राहतो.

सोफी लरॉय या अभ्यासिकेने २००९ मध्ये एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना मनाचं काय होतं, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीचं काम अपुरं सोडून आलेल्या माणसाचं लक्ष पुरतं नव्या कामावर येत नाही. त्याचा एक हिस्सा मागेच रेंगाळतो आणि नवं काम खालावतं. आमच्या दिवसात अपुरं सोडलेलं काहीतरी नेहमीच असतं. बुधवारी दुपारी १ वाजता मी दार लावून घ्यायचे तेव्हा पहिला अर्धा तास ते सगळं मनातून उतरायलाच जायचा. त्यानंतर खरं ऐकायला सुरुवात व्हायची. ४ तास लागतात ते यासाठी. त्याचे पाऊण-पाऊण तासाचे तुकडे करून आठवडाभर वाटून दिले, तर बेरीज तेवढीच येईल आणि हाती काही लागणार नाही.

आणि बुधवारच का निवडला, हेही मला कळलं आहे. त्या वेळी सगळे मोकळे असतात म्हणून. आम्ही मोकळे नव्हतो. त्या दुपारी वाचनालयात पाय ठेवला असता तर दिसलं असतं, कोण कुठल्या टेबलाशी बसलंय ते.

तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर, २ शोधनिबंधांच्या बंधनाची. वेळ काढून घ्यायचा आणि संख्या वाढवायला सांगायची, याचा परिणाम काय होतो ते आपण सगळे जाणतो. एकाच अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन निबंध होतात. आधीचंच नव्या शीर्षकाखाली जातं. ज्याने मजकूर वाचलेलाही नाही त्याचं नाव सहलेखक म्हणून लागतं. आणि पैसे भरले की पंधरवड्यात छापून देणारी, तपासणीच्या नावाखाली काहीही न तपासणारी नियतकालिकं तर रोज मेल पाठवतच असतात. माझे काही तरुण सहकारी त्या वाटेला गेले आहेत. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांच्या खिशातले पैसे गेले, यादीत एक ओळ वाढली, आणि ते निबंध कुणी वाचणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शिकलेल्या, कष्टाळू माणसाच्या मनाला हे आतून खातं.

संशोधनाला लागतो तेवढा वेळ लागतोच. माझ्याच विषयातलं उदाहरण देते. हार्वर्डचे रॉजर ब्राउन यांनी १९६२ मध्ये अॅडम, ईव्ह आणि सारा अशी टोपणनावं दिलेल्या तीन मुलांचं बोलणं टिपायला सुरुवात केली. मुलं फक्त तीन. त्यांच्याबरोबर तरुण संशोधकांचा एक गट होता. तरीही त्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं ते १९७३ मध्ये. मुलं व्याकरणाची रूपं कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, हे त्यातून पुढे आलं आणि आजही बालभाषेचा कोणताही अभ्यासक्रम त्याला वळसा घालून जात नाही. ब्रायन मॅकविनी आणि कॅथरिन स्नो यांनी १९८४ मध्ये मुलांच्या बोलण्याचा जगभरच्या अभ्यासकांसाठी खुला संग्रह सुरू केला, त्यात या तीन मुलांचं लिहून काढलेलं बोलणं आजही वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडतं. आपल्या परिपत्रकाच्या मोजपट्टीने पाहिलं तर ब्राउन यांच्या त्या ११ वर्षांत २२ निबंधांचा हिशेब मागावा लागेल.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं म्हणणंही इथे आठवतं. १९६४ मध्ये त्यांनी ज्या कणाचं भाकीत केलं, तो २०१२ मध्ये सापडला आणि २०१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की आजच्या व्यवस्थेत आपल्याला अध्यापनाची नोकरी मिळाली नसती. आपण पुरेसे ‘उत्पादक’ ठरलो नसतो. आमच्यात कुणी हिग्ज आहे असा माझा दावा नाही. पण आपली मोजपट्टी हिग्ज यांनाही नापास करत असेल, तर ती कुणासाठी आणली आहे हे विचारायला हवं. निबंध ज्या नियतकालिकात छापला त्याच्या प्रभावांकावरून, म्हणजे त्यातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा उल्लेख होतो त्या आकड्यावरून, माणसाचं मूल्यमापन करू नये, कामाचा आशय वाचून करावं, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला. जगभरच्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

चौथी तक्रार कामाच्या वाटणीची. समित्या कुणाच्या वाट्याला येतात, याचा तक्ता आपल्याकडे नाही. मी माझ्या विभागापुरता गेल्या ३ वर्षांचा करून पाहिला. सगळ्यात जास्त समित्या दोन जणींकडे आहेत आणि दोघीही कनिष्ठ आहेत. त्यांना कुणी जबरदस्ती केली नाही. बैठकीत ‘हे कोण बघेल?’ असा प्रश्न आला, सगळे गप्प बसले आणि शेवटी त्यांच्यातली एक हो म्हणाली. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच चित्र दिसतं. ज्या कामाने बढतीला काही मदत होत नाही, अशा कामासाठी स्त्रियांना जास्त वेळा विचारलं जातं आणि त्या जास्त वेळा तयार होतात. त्या दोघींपैकी एकीचा प्रबंध ५ वर्षांपूर्वी मान्य झाला. परीक्षकांनी तो छापायची शिफारस केली होती. अजून त्याचं पहिलं प्रकरणही पुस्तकाच्या दृष्टीने तिला पुन्हा हातात घेता आलेलं नाही. वरून घरचंही आहेच. रात्री सगळे झोपल्यावर लिहीन म्हणणाऱ्या बाईला सकाळी आठच्या तासाला उभंही राहायचं असतं. बुधवार तिच्यासाठी माझ्यापेक्षा मोठा होता.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर हा बुधवारही कधी मिळाला नव्हता. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. वाचलेल्या, लिहिलेल्या तासाचे नाही. आणि पक्क्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले, की पहिला प्रश्न प्रकाशनांचाच असतो.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून सांगताना मला माझी चूक आधी मान्य करायची आहे. माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तिचं तिसरं प्रकरण माझ्याकडे दिलं आणि ते माझ्याकडे ४ महिने पडून राहिलं. ती दर पंधरा दिवसांनी यायची, दारातून बघायची आणि मी कामात दिसले की ‘नंतर येते, मॅडम’ म्हणून जायची. त्या ४ महिन्यांत तिची शिष्यवृत्तीची मुदत जवळ येत होती. याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. इथेही पुन्हा मागते. पण त्या ४ महिन्यांत मी २ अहवाल, ३ तपासणी-समित्यांच्या फाईली आणि एका समारंभाची निमंत्रणपत्रिका तयार केली, हेही खरं आहे. निमंत्रणपत्रिका वेळेत छापून आली.

मला काय सांगितलं जाईल, याची मला कल्पना आहे. शिक्षकाचं पहिलं काम शिकवणं. मान्य. पूर्ण मान्य. माझा एकही तास कमी करा, असं या पत्रात मी कुठे म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण शिकवणं आणि शोधणं ही दोन वेगळी खाती नाहीत. १८१० मध्ये बर्लिनला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी या दोन्हींची सांगड घालूनच त्याची कल्पना मांडली होती. ज्या वर्षी मी बुधवारी त्या मुलाचं ‘करलं’ ऐकलं, त्या वर्षी मी वर्गात ते रेकॉर्डिंग लावलं. एरवी खाली मान घालून बसणारा वर्ग सरसावून बसला. ‘पुन्हा लावा’ म्हणाला. नियम कसा शोधला जातो, हे मी त्याआधी १० वर्षं पाठ्यपुस्तकातून शिकवत होते आणि तसं ते कधीच पोचलं नव्हतं.

शिक्षकाच्या अभ्यासाला वेळ देणं ही काही नवी चैनही नाही. हार्वर्डने प्राध्यापकांना ठरावीक वर्षांनी अभ्यासरजा द्यायची पद्धत १८८० मध्ये सुरू केली. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातल्या शिक्षकांविषयी ज्या शिफारशी स्वीकारल्या, त्यांत कामाचा बोजा न्याय्य असावा, विद्यार्थ्यांबरोबरच संशोधनाचं कर्तव्यही पार पाडता येईल असा असावा, आणि नियमित काळाने अभ्यासरजा मिळावी, हे स्पष्ट म्हटलेलं आहे. आम्ही वर्षाची रजा मागत नाही. आठवड्यातले ४ तास मागतो आहोत, तेही जे कालपर्यंत होते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाचं पहिलं कलम मागे घ्यावं. बुधवारी दुपारी १ ते ५ हा वेळ वेळापत्रकात तासासारखाच छापावा, म्हणजे तो रिकामा दिसणार नाही. तास चालू असताना शिक्षकाला जसं बैठकीला बोलावलं जात नाही, तसंच त्या वेळीही बोलावू नये. त्या ४ तासांत पाठवलेल्या निरोपाला पाचच्या आत उत्तर अपेक्षित धरू नये. एखाद्या विभागाला बुधवार गैरसोयीचा असेल, तर त्यांनी दुसरी दुपार निवडावी. दुपार कोणती, यावर आमचा आग्रह नाही. ती सलग असावी, दर आठवड्याला असावी आणि सत्राच्या मध्येच बदलू नये, एवढंच.

हा वेळ तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनाही मिळावा आणि त्याचं मानधन त्यांना द्यावं. प्रशासनाला हे जड जाईल, हे मला समजतं. एकदम सगळ्यांना शक्य नसेल तर ज्यांची पीएचडी चालू आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी.

समित्यांचा तक्ता दर सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांना दिसेल असा लावावा आणि काम पाळीने फिरावं. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा मागू नये. ती आधीच्या नोंदीतून काढून घेणारा एक माणूस नेमावा.

दर वर्षी २ निबंधांचं बंधन काढावं. त्याऐवजी दर ३ वर्षांनी प्रत्येकाने आपलं सगळ्यात चांगलं एक काम पुढे ठेवावं, ते त्या विषयातल्या जाणकारांनी वाचावं आणि लेखी मत द्यावं. हे संख्येपेक्षा अवघड आहे, कुणालातरी खरोखर वाचावं लागेल. पण मूल्यमापन म्हणायचं तर ते एवढं तरी असावं.

आम्हालाही काही देणं आहे. या वेळाचा उपयोग होतो की नाही, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी आम्ही सहकारी आणि विद्यार्थ्यांसमोर आपापलं चालू काम मांडू. त्यात अर्धवट मसुदे असतील, फसलेले प्रयोग असतील, नाकारून परत आलेले निबंधही असतील. कुणीही यावं आणि प्रश्न विचारावेत. माझ्या विभागातल्या ७ जणांनी याला लेखी संमती दिली आहे आणि ती अर्जासोबत जोडलेली आहे.

या पत्राचं लेखी उत्तर सत्र सुरू होण्याआधी मिळावं, ही विनंती. तारखेचा आग्रह मी एका खास कारणाने धरते आहे.

या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना एक आडनाव ओळखीचं वाटलं. तास संपल्यावर ती मुलगी स्वतःच टेबलाशी आली. म्हणाली, आईने सांगितलंय, मी लहान असताना तुम्ही आमच्या घरी यायचात आणि माझं बोलणं रेकॉर्ड करायचात. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, ‘त्याचं पुढे काय झालं?’

ती उरलेल्या ७ मुलांमधली होती. तेव्हा तिच्या एकाही रेकॉर्डिंगला मी हात लावलेला नव्हता. पहिल्या मुलाचं काम संपत आलं होतं, त्यामुळे त्यानंतर मी तिचंच घेतलं. तिची १६ रेकॉर्डिंग आता लिहून झाली आहेत. पहिल्यात ती दोन शब्दांची वाक्यं बोलते, सोळाव्यात गोष्ट सांगते. ८ राहिली आहेत. अर्ध्या तासाची ८, म्हणजे ४ तासांचं बोलणं, म्हणजे माझं ४८ तासांचं काम, म्हणजे १२ बुधवार. पुढचं सत्र १५ आठवड्यांचं आहे. सत्र संपायच्या आत तिच्या वर्षभराच्या बोलण्याचा सबंध आलेख तिच्या हातात देईन, असं मी तिला सांगितलं आहे.

आपली नम्र,
भाषाविज्ञान विभागातील एक शिक्षिका